वाचकांचे प्रश्न : पंथातून माणूस ओढून आणावा का?

गेल्या अंकात नव्या धार्मिक पंथांवर लेख प्रसिद्ध झाला होता. पंथात गेलेल्या सज्ञान मुलांना घरच्यांनी पळवून नेऊन, कोंडून ठेवून श्रद्धा सोडायला लावण्याचे जे प्रकार गेल्या अर्धशतकात जगात झाले, ज्यांना ‘डीप्रोग्रॅमिंग’ म्हणतात, त्यांचा त्यात उल्लेख होता. त्यावर बरीच पत्रे आली. एकाच आशयाची पत्रे येथे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे आणि खासगी तपशील गाळले आहेत.

प्रश्न : या ‘डीप्रोग्रॅमिंग’मध्ये प्रत्यक्ष काय केले जात असे? घरच्यांनी बसवून समजावण्यापेक्षा ते वेगळे कसे?

उत्तर : समजावून घेणारा माणूस कंटाळला किंवा चिडला, तर उठून जाऊ शकतो. येथे त्याला उठून जाता येत नसे, आणि बाकीचे सगळे फरक त्यातूनच येतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत रूढ झालेली पद्धत साधारण अशी होती : पंथात गेलेल्या, बहुधा विशीतल्या मुलाला काहीतरी निमित्त सांगून घरी बोलावायचे किंवा भर रस्त्यात दोन-तीन धट्ट्याकट्ट्या माणसांकरवी गाडीत कोंबायचे. त्यानंतर मोटेलची किंवा एखाद्या नातेवाइकाच्या घरातली खोली. खिडक्या खिळ्यांनी बंद, फोन काढून ठेवलेला, दाराशी पहारा आणि स्वच्छतागृहात जातानाही कोणीतरी सोबतीला. आत पाळीपाळीने बोलणारी माणसे असत आणि त्यांत तो पंथ सोडून आलेले एक-दोघे हमखास असत. संस्थापकाची परस्परविरोधी वक्तव्ये, संस्थेचे पैशांचे व्यवहार, वर्तमानपत्रांतील कात्रणे यांचा मारा तासन्‌तास चाले. झोप पुरेशी मिळत नसे. माणूस रडून, खचून ‘माझे चुकले’ असे म्हणेपर्यंत हे चालू राही. त्यानंतरही काही आठवडे त्याला ‘पुनर्वसना’साठी दुसरीकडे ठेवले जाई, कारण परत जाण्याची ओढ मधूनच उसळून येते असा या मंडळींचा अनुभव होता. या कामासाठी कुटुंबांकडून हजारो डॉलर घेतले जात.

या पद्धतीचा जनक मानला जाणारा टेड पॅट्रिक हा मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. त्याचे शालेय शिक्षणही अर्धवट राहिले होते. १९७१ मध्ये सॅन दिएगोच्या समुद्रकिनाऱ्यावर ‘चिल्ड्रेन ऑफ गॉड’ या पंथाच्या प्रचारकांनी त्याच्या किशोरवयीन मुलाला गाठले, तेव्हा तो स्वतः काही दिवस त्या पंथात जाऊन राहिला आणि बाहेर येऊन त्याने हे काम हाती घेतले. काळही त्याला अनुकूल होता. १९६५ च्या कायद्याने आशियाई देशांतून अमेरिकेत येण्यावरची जुनी बंधने उठली होती; इस्कॉनची स्थापना १९६६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाली होती; कोरियात १९५४ मध्ये सन म्युंग मून यांनी स्थापन केलेले युनिफिकेशन चर्च अमेरिकेतल्या महाविद्यालयांच्या आवारांत सदस्य मिळवत होते. मुले शिक्षण अर्धवट सोडून निघून जात, आणि आई-वडील पोलिसांकडे गेले की ‘तुमचा मुलगा सज्ञान आहे’ एवढेच उत्तर मिळे.

ही पद्धत एकदा मान्य केली की ती कोठे थांबते, हे पॅट्रिकच्याच एका प्रकरणातून दिसते. १९७४ मध्ये डेन्व्हर येथे ज्या दोन तरुणींना डांबल्याबद्दल त्याला शिक्षा झाली, त्या कोणत्याही पंथात गेलेल्या नव्हत्या. त्या ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घरांतल्या होत्या, आणि त्या घर सोडून आपल्या मर्जीने राहू लागल्या होत्या, एवढीच आई-वडिलांची तक्रार होती.

प्रश्न : माझा मुलगा ‘मी स्वखुशीने येथे आहे’ असे म्हणतो. पण त्याचे मनच दुसऱ्याच्या ताब्यात गेले असेल, तर त्या खुशीला अर्थ काय? बुडणाऱ्याला बाहेर काढताना आपण त्याची परवानगी मागतो का?

उत्तर : आपल्या पत्रातला हा प्रश्न सगळ्यांत कठीण आहे, आणि सक्तीच्या बाजूने याहून प्रभावी युक्तिवाद मला तरी माहीत नाही. म्हणूनच तो नीट तपासायला हवा.

‘ब्रेनवॉशिंग’ ही कल्पना १९५० च्या सुमारास एडवर्ड हंटर या अमेरिकन पत्रकाराने चिनी साम्यवादी राजवटीविषयी लिहिताना लोकांपुढे आणली. कोरियन युद्धानंतर २१ अमेरिकन युद्धकैद्यांनी मायदेशी परतण्यास नकार दिला, तेव्हा त्या कल्पनेला मोठे बळ मिळाले. मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन यांनी चीनमधून आलेल्या लोकांच्या मुलाखती घेऊन १९६१ मध्ये या ‘विचारसुधारणे’चा गंभीर अभ्यास मांडला. परंतु तेथे तुरुंग होते, बेड्या होत्या, जिवाची भीती होती. पुढे हीच कल्पना उचलून जेथे दार उघडे आहे अशा पंथांना लावण्यात आली, आणि तेथे ती पुराव्यावर टिकली नाही. समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी १९७९ मध्ये लंडन परिसरात युनिफिकेशन चर्चच्या निवासी शिबिरांना गेलेल्या हजाराहून अधिक लोकांचा मागोवा घेतला. त्यांतले सुमारे ९० टक्के लोक पंथात गेलेच नाहीत, आणि जे गेले त्यांच्यापैकी बहुतेक जण दोन वर्षांच्या आत स्वतःहून बाहेर पडले. मनाचा ताबा घेणारे एखादे अमोघ तंत्र त्या शिबिरांत वापरले जात असते, तर इतके लोक आले तसे परत गेले नसते. १९८७ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या संबंधित मंडळाने फसव्या मार्गांनी मन वळवण्याविषयीचा एका कृतिदलाचा अहवाल शास्त्रीय काटेकोरपणाच्या अभावी नाकारला. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातील एका केंद्रीय न्यायालयानेही या सिद्धान्तावर आधारलेली तज्ज्ञ-साक्ष पुराव्यात घेण्यास नकार दिला.

याचा अर्थ पंथांत दबाव नसतो असा अजिबात नाही. नव्या माणसावर कौतुकाचा वर्षाव करणे, त्याला दिवसभर कामात गुंतवून ठेवणे, जुन्या मित्रांपासून तोडणे, ‘घरचे तुझ्या मार्गातला अडथळा आहेत’ असे हळूहळू मनात भरवणे, पैसे काढून घेणे, हे सगळे घडते आणि त्याने आयुष्ये विसकटतात. मात्र मनावर जबरदस्त प्रभाव पडणे आणि इच्छाशक्तीच नाहीशी होणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. त्या एकच धरल्या, की तर्क कसा चालतो पाहा : मुलगा आनंदी दिसला तर तो आनंद पेरलेला, तो विरोध करू लागला तर तो विरोधही शिकवलेला, आणि तो आपल्याशी सहमत झाला की मात्र त्याचे मन मोकळे झाले. ज्या कसोटीत घरच्यांशी सहमत होण्यावाचून मन स्वतंत्र असल्याचा दुसरा कोणताही पुरावा चालत नाही, ती कसोटी कोणत्याही माणसाविरुद्ध वापरता येते.

बुडणाऱ्याच्या दाखल्याविषयी एवढेच म्हणता येईल, की बुडणारा माणूस स्वतःच श्वासासाठी धडपडत असतो, आणि त्याला काय हवे आहे याविषयी त्याचे आणि आपले दुमत नसते.

आपल्या पत्रात आपण जोन्सटाउनचा उल्लेख केला आहे, आणि ती भीती निराधार म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी गयानामध्ये जिम जोन्सच्या ‘पीपल्स टेंपल’ या पंथाच्या त्या वसाहतीशी संबंधित घटनांत ९१८ माणसे मेली; त्यांत तीनशेहून अधिक लहान मुले होती, आणि मुलांना विष पाजणे हा सरळसरळ खूनच होता. मात्र तेथे शस्त्रधारी पहारेकरी होते, लोकांना बाहेर पडू दिले जात नव्हते, आणि नातेवाइकांनी आधीपासून तक्रारी केल्या होत्या. त्या तक्रारींवरून चौकशीला गेलेले अमेरिकन काँग्रेसचे सदस्य लिओ रायन यांचीही त्याच दिवशी हत्या झाली. अशा ठिकाणी शासनाने वेळीच तपास करायला हवा होता. बाहेर पडू इच्छिणाऱ्या माणसाला आत अडकवून ठेवणे हा गुन्हा आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने राहू इच्छिणाऱ्या माणसाला बाहेर ओढून आणून अडकवून ठेवणे हाही गुन्हाच ठरतो.

प्रश्न : न्यायालयांनी आई-वडिलांची बाजू कधीच घेतली नाही का?

उत्तर : घेतली, आणि अनेकदा घेतली. सुरुवातीच्या काळात आई-वडिलांना अपहरणाबद्दल दोषी ठरवायला अमेरिकन ज्यूरी सहसा तयार होत नसत. १९७६ मध्ये न्यूयॉर्कमधील क्वीन्स येथे तर उलटेच घडले. हरे कृष्ण पंथातील एका तरुणीने आपल्या आईविरुद्ध आणि तिने नेमलेल्या खासगी गुप्तहेराविरुद्ध अपहरणाची तक्रार केली. ग्रँड ज्यूरीने, म्हणजे आरोप ठेवावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, त्या दोघांना सोडले आणि पंथाच्याच पदाधिकाऱ्यांवर ‘मनोनियंत्रणाने डांबून ठेवल्याचा’ आरोप ठेवला. पुढच्या वर्षी न्यायाधीशांनी तो आरोप फेटाळला.

दुसरा मार्ग होता तात्पुरत्या पालकत्वाचा. वृद्धापकाळाने किंवा आजाराने स्वतःचे व्यवहार पाहू न शकणाऱ्या माणसासाठी असलेली तरतूद धडधाकट तरुणांना लावायची, म्हणजे पोलीसच त्यांना उचलून आई-वडिलांच्या स्वाधीन करतील. कॅलिफोर्नियात युनिफिकेशन चर्चच्या पाच सज्ञान सदस्यांबाबत असा आदेश मिळाला, पण १९७७ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला. न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने अशा पालकत्वाला वाट करून देणारे विधेयक दोनदा मंजूर केले, आणि गव्हर्नर ह्यू केरी यांनी ते दोन्ही वेळा नामंजूर केले.

मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८० चा निकाल या सगळ्यांत अधिक विचार करायला लावणारा आहे. ‘द वे इंटरनॅशनल’ या पंथातील एका विद्यार्थिनीला तिच्या वडिलांनी एका घरी नेऊन ठेवले. पहिले काही दिवस ती तळघरातल्या खोलीत अंगाचे मुटकुळे करून, कानांत बोटे घालून रडत पडली होती, आणि वडील ‘एवढे ऐकून तरी घे’ म्हणून तिची विनवणी करत होते. मग ती बोलू लागली, रोलर-स्केटिंग करू लागली, जवळच्या मैदानावर सॉफ्टबॉल खेळली, पंथातून बाहेर पडलेल्या एका व्यक्तीबरोबर दुसऱ्या राज्यात विमानाने जाऊनही आली. सोळाव्या दिवशी ती पंथात परत गेली आणि तिने आई-वडिलांवर दावा लावला. तिने नंतर संमती दिली असल्यामुळे आधीच्या कोंडण्याबद्दल आई-वडिलांना जबाबदार धरता येणार नाही, असा बहुमताचा निकाल लागला. त्या वडिलांची तळमळ मला कळते, पण निकाल मला पटत नाही. कोंडून ठेवल्यावर मिळालेली संमती कोंडण्याचेच समर्थन म्हणून ग्राह्य धरली, तर जो अधिक काळ आणि अधिक चिकाटीने कोंडेल त्याची बाजू अधिक भक्कम होईल.

ज्या खटल्याने अमेरिकेत या प्रकाराचे कंबरडे मोडले, तो १९९५ चा. वॉशिंग्टन राज्यातील एका अठरा वर्षांच्या पेंटेकोस्टल ख्रिस्ती तरुणाला त्याच्या आईने नेमलेल्या माणसांनी १९९१ मध्ये हातकड्या घालून, तोंडाला चिकटपट्टी लावून समुद्रकिनाऱ्यावरच्या एका घरात नेले होते. फौजदारी खटल्यात त्या कामाचा प्रमुख सुटला. दिवाणी दाव्यात मात्र ज्यूरीने एकूण सुमारे ४९ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. त्यात ‘कल्ट अवेअरनेस नेटवर्क’ या पंथविरोधी संस्थेवर १० लाखांची दंडात्मक भरपाई होती. संस्था दिवाळखोरीत गेली, आणि तिचे नाव ज्यांच्या हाती गेले ते सायंटॉलॉजीशी संबंधित लोक होते. म्हणजे पंथांविषयी माहिती विचारायला त्या नावाकडे वळणारा पालक त्यानंतर एका पंथाच्याच माणसांशी बोलू लागला. सक्तीच्या मार्गाने जाणाऱ्या संस्थेने त्या मार्गाने न जाणाऱ्या हजारो पालकांचेही नुकसान केले ते असे.

प्रश्न : पण अनेक जण अशा रीतीने बाहेर आले आणि त्यांनी आई-वडिलांचे आभारही मानले. परिणाम चांगला असेल तर मार्गाचा एवढा बाऊ कशाला?

उत्तर : आभार मानणारे होते, हे खरे आहे. पंथांविषयीचे सल्लागार म्हणून पुढे प्रसिद्धीस आलेले स्टीव्हन हसन हे स्वतः १९७६ मध्ये, एका मोटार अपघातानंतर, कुटुंबीयांनी घडवून आणलेल्या डीप्रोग्रॅमिंगमधून युनिफिकेशन चर्चच्या बाहेर आले. तरीही त्यांनी पुढे सक्तीची पद्धत सोडली आणि माणसाच्या संमतीने, तो हवे तेव्हा उठून जाऊ शकेल अशा रीतीने बोलण्याची पद्धत स्वीकारली.

यशाच्या हिशेबात दोन गोष्टी बहुधा धरल्या जात नाहीत. जे लोक तसेही वर्ष-दोन वर्षांत बाहेर पडणार होते, त्यांचे बाहेर पडणे त्या खोलीच्या खात्यावर जमा होते. आणि जे खोलीतून निसटून पंथात परत गेले, त्यांच्या मनात घरच्यांविषयीची जी भीती पंथ आजवर नुसती सांगत होता, ती घरच्यांनी खरी करून दाखवलेली असते. असे लोक अधिक घट्ट चिकटतात. शिवाय स्वतःहून बाहेर पडलेले आणि सक्तीने काढलेले यांची तुलना करणाऱ्या १९८० च्या दशकातील अभ्यासांत एक फरक सतत दिसला : स्वतःहून बाहेर आलेले लोक बहुधा ‘तो अनुभव होता, त्यातून शिकलो’ असे म्हणत, तर सक्तीने काढलेले ‘माझे ब्रेनवॉशिंग झाले होते’ असे म्हणत. आपल्याच आयुष्यातल्या काही वर्षांचा अर्थ त्यांना खोलीत बसवून शिकवण्यात आला होता.

प्रश्न : हा केवळ अमेरिकेतला प्रकार होता का?

उत्तर : नाही. स्पेनमध्ये जून १९८४ मध्ये बार्सिलोनातील एका गूढविद्या केंद्रावर पोलिसांनी छापा घातला. न्यायाधीशांनी ताब्यातल्या लोकांना सोडण्याचा आदेश दिला असताना कॅटलान, म्हणजे त्या प्रांताच्या, पोलिसांनी काही जणांना कुटुंबीयांच्या हवाली केले, आणि त्यांना शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवरच्या एका हॉटेलात खिडक्यांना लाकडी फळ्या ठोकून दहा दिवस ठेवण्यात आले. १४ ऑक्टोबर १९९९ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने याबद्दल स्पेनला जबाबदार धरले. अडकवून ठेवण्याचे काम कुटुंबांनी केले असले, तरी सरकारी यंत्रणेच्या मदतीवाचून ते शक्य नव्हते, असा त्या निकालाचा रोख आहे.

जपानमधले प्रकरण मात्र वाचवत नाही. युनिफिकेशन चर्चच्या एका सदस्याला त्याच्या कुटुंबीयांनी १९९५ मध्ये घरातून नेले आणि वेगवेगळ्या सदनिकांत मिळून १२ वर्षे ५ महिने अडकवून ठेवले. तो तिशीच्या सुरुवातीला आत गेला आणि २००८ मध्ये, चव्वेचाळीसाव्या वर्षी, कुपोषित अवस्थेत त्याला घराबाहेर काढण्यात आले. अभियोक्त्यांनी कोणावरही खटला भरला नाही. दिवाणी दाव्यात टोकियोच्या उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नातेवाईक आणि त्यांना साथ देणाऱ्यांकडून सुमारे २ कोटी २० लाख येनची भरपाई देवविली, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

त्याच जपानमध्ये ८ जुलै २०२२ रोजी माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली. मारेकऱ्याच्या आईने याच चर्चला दिलेल्या प्रचंड देणग्यांमुळे घर धुळीला मिळाले होते, आणि त्यातूनच संस्थेच्या पैसे गोळा करण्याच्या पद्धती पुन्हा चर्चेत आल्या. त्या वर्षाअखेर दबाव आणून देणग्या घेण्याविरुद्ध कायदा झाला. मार्च २०२५ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने संस्थेचा कायदेशीर धार्मिक संस्था म्हणून असलेला दर्जा काढून घेण्याचा आदेश दिला. पंथाच्या गैरकृत्यांवर असा मार्ग निघू शकतो : संस्थेवर आरोप, उघड सुनावणी, संस्थेला बाजू मांडण्याची संधी, आणि सदस्याच्या श्रद्धेला हात न लावणे.

प्रश्न : मूल अज्ञान, म्हणजे अजून सज्ञान झालेले नसेल तर?

उत्तर : मग प्रश्नच वेगळा होतो. अज्ञान मुलाचा ताबा कायद्याने पालकांकडे असतो आणि त्याला घरी आणण्यासाठी पोलीस व न्यायालय यांची मदत मिळते. दोन पालकांपैकी एक जण मुलासह पंथात गेला असेल, तर दुसऱ्याने मूल परस्पर उचलून आणू नये. ताब्याचा दावा करावा.

प्रश्न : कोंडायचे नाही, तर घरच्यांनी करायचे काय? नुसते बसून राहायचे?

उत्तर : बसून राहायचे नाही, पण संपर्क तुटेल असेही काही करायचे नाही. बाहेर पडणाऱ्यांपैकी बहुतेक जण आपापल्या कारणांनी बाहेर पडतात : वरिष्ठांचा दुटप्पीपणा दिसतो, थकवा येतो, प्रेम जमते, भाकीत खोटे ठरते. त्या दिवशी फोन करण्यासाठी एक क्रमांक त्याच्यापाशी असायला हवा, आणि पलीकडून ‘आम्ही सांगत होतो ना’ हे वाक्य ऐकू येणार नाही अशी त्याची खात्री असायला हवी. तोवर पत्रे, वाढदिवस, आजारपणाची चौकशी चालू ठेवावी. गुरूची टिंगल करू नये. त्याऐवजी दिवस कसा जातो, झोप किती मिळते, दुखलेखुपले तर कोणाकडे जातोस, तुझ्या नावावर कोणती कागदपत्रे केली आहेत, असे साधे प्रश्न विचारावेत, आणि उत्तर मिळाले नाही तर रेटू नये. पंथाविषयी माहिती मिळवायची तर पंथाची आणि त्याच्या शत्रूंची अशी दोन्ही पुस्तके वाचून भागत नाही; तटस्थ माहिती लागते. बार्कर यांनी १९८८ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये सुरू केलेल्या ‘इन्फॉर्म’सारखी संस्था याच गरजेतून उभी राहिली. मुलाला पंथातून बाहेर आलेल्या एखाद्याशी बोलायचे असेल तर भेट जरूर घडवावी, मात्र त्याला आधी सांगून, आणि तो म्हणेल त्या ठिकाणी.

पैशांबाबत मात्र कठोर राहायला हरकत नाही. त्याच्या जेवणाचा, औषधाचा किंवा परतीच्या तिकिटाचा खर्च परस्पर भागवावा; रोख रक्कम देऊ नये, आणि घराच्या किंवा जमिनीच्या कागदांवर त्याच्या आग्रहाखातर सही करू नये. मारहाण, लैंगिक छळ, पारपत्र काढून घेणे, बाहेर पडण्यास अटकाव यांपैकी कशाचीही कुणकुण लागली, तर तारीख-वार लिहून ठेवून थेट पोलिसांत जावे. त्यासाठी त्याची संमती मिळण्याची वाट पाहू नये.